बेहोश माणसाची गाठ

"तुमी कोन जी?"

श्रावणनं मला असं विचारलं तेव्हा पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सकाळचे सव्वानऊ झाले होते, आणि मी माझं नाव सांगायचं सोडून त्याला बसची वेळ सांगितली. "सौसरची साडेनऊला आहे," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली. अंगात पलटणीचा हिरवा स्वेटर, दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश. फक्त उजव्या हाताची बोटं मांडीवर टिपटिप करत होती, आणि तो दुसऱ्या हातानं ती दाबून धरत होता. त्याच्या मागं त्याची बायको जयवंता संत्र्यांची टोपली सांभाळत उभी होती. ती म्हणाली, "अवं, हे श्रीकांत मास्तर नाही का. दादारावभाऊचे पुतणे. लिवलं हाये ना तुमच्या वहीत." त्यानं खिशातून लहानशी वही काढली, बोट ओलं करून पानं उलटली, एका ठिकाणी थांबला, आणि माझ्याकडे बघून हसला. "हाये. लिवलं हाये." माझ्याबद्दल त्या वहीत काय लिहिलंय हे मला लगेच, तिथल्या तिथं, पाहावंसं वाटलं. मी विचारलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. जे दिसत नाही त्याबद्दल विचारा, असं मुलांना रोज सांगतो.

आम्ही तिघंही एकाच कामासाठी निघालो होतो. तहसीलकडून आलेला कागद माझ्या शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवला होता. गेले नऊ दिवस तो इतक्या वेळा उघडला होता, की घडीच्या रेषेवरची अक्षरं पुसट झाली होती. कागद हिंदीत होता. कामठीहून मेजरसाहेब येणार, मागच्या मे महिन्यातल्या घटनेच्या साक्षी नोंदवणार, आणि त्यावरून शिपाई श्रावणचं नाव शौर्याच्या सन्मानासाठी पुढं पाठवायचं की नाही ते ठरणार. प्रश्न अकरा होते. दहा प्रश्नांची उत्तरं कोणीही दिली असती. सातवा असा होता: "क्या उक्त सैनिक को संकट का पूर्वज्ञान था?" पूर्वज्ञान असेल तर ते शौर्य. नसेल तर रजेवर असताना झालेला अपघात. मग नाव कुठंच जाणार नाही, आणि पलटण त्याला, हात थरथरतो आणि काल काय खाल्लं ते आठवत नाही म्हणून, एका ओळीच्या शेऱ्यावर घरी पाठवून देईल. हे मला तहसीलच्या बाबूनं समजावून सांगितलं होतं. त्यानं पुढं हेही सांगितलं, की खुद्द श्रावणला विचारून झालंय. त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. विहिरीवर जमलेल्या लोकांना काही माहीत नव्हतं. राहिलो मी.

बसमध्ये श्रावण माझ्या शेजारी बसला आणि जयवंता पलीकडच्या बाकावर. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तसा फळीच्या फटीतून धूर वर आला आणि मी काच सरकवायला लागलो. काच अडकली होती. मी ती इतक्या जोरानं हलवली की पुढच्या बाकावरचा म्हातारा वळून म्हणाला, "थंडी हाये गा मास्तर, कावून उघडून राह्यला?" मी हात मागं घेतला. डिझेलच्या इंजिनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कमी असतो. पेट्रोल आणि रॉकेलच्या इंजिनात कितीतरी जास्त. हे मला ठाऊक होतं, तरी मी नाकानं हळूहळू, हप्त्याहप्त्यानं श्वास घेत राहिलो. तसंही त्याला वास नसतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी या वायूवर दीड पान लिहिलं होतं. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट ओढीनं चिकटतो. त्यामुळं माणूस निळा पडत नाही, उलट गुलाबी दिसतो. मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. एक कुठं गेला होता ते मी सरांना जाऊन विचारलंही होतं.

लोधीखेड्याजवळ माझ्या काकांचा, दादारावांचा, संत्र्याचा बगीचा आहे. मागच्या वर्षी मे महिन्यात आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती आणि विहिरीचं पाणी रोज वीतभर खाली जात होतं. काठावरच्या इंजिनाला पाणी ओढवेना. काकांनी मिस्त्री बोलावला, त्यानं पट्टा बदलला, वॉशर बदलले, आणि हात वर केले. मी सुट्टीत तिथंच होतो. मी टेप लावून पाणी मोजलं, अडतीस फूट, आणि काकांना मातीवर काडीनं आकृती काढून दाखवली. पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर वरची हवा पाण्याला दाबून वर चढवते, आणि ती तेहतीस-चौतीस फुटांवर कितीही केलं तरी चढवू शकत नाही. व्यवहारात तर पंचवीसही फार. म्हणून पंप वर ठेवून उपयोग नाही, इंजिनच खाली न्यायचं. काका आकृतीकडे बघून इतके खूश झाले की चिंधूला, त्यांच्या सालदाराला, म्हणाले, "पाह्य बे, सायन्स म्हंते त्याले." चिंधू म्हणाला, "थे तं मी कालपासून सांगून राह्यलो जी. त्याले सायन्स कायले पायजे?" सगळे हसले. आजूबाजूच्या चार मळ्यांत इंजिनं खालीच होती. आमचं इंजिन लहान, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं. दोरानं ते खाली सोडलं आणि सव्वीस फुटांवरच्या दगडी टप्प्यावर फळ्या टाकून बसवलं. त्याच्या धुराचा पाइप दीड हात लांबीचा होता आणि त्याचं तोंड विहिरीतच होतं. हे मी पाहिलं. मी त्या वेळी पाणी किती मिनिटांत किती गॅलन पडतं ते मोजत होतो. पाणी छान पडत होतं.

"तुमाले कुठं जायचं हाये?" श्रावणनं विचारलं. "सौसरलाच," मी म्हणालो. "आमीबी सौसरलेच." तो काचेकडे वळला. मग बोलला ते मला नाही, काचेला उद्देशून बोलल्यासारखं. "साहेब येऊन राह्यले म्हंते कामठीहून. मी काही केलं म्हंते. सारे सांगतेत, तू असं केलं, तू तसं केलं. मी आयकतो. दुसऱ्याच मानसाची गोष्ट सांगून राह्यले असं वाटते जी. मले वाटते, खोटं तं नसन बोलत? मनाले बरं वाटाव म्हनून?" जयवंता पलीकडून म्हणाली, "आता सुरू झाले. दिवसातून धा वेळा हेच." तिचा आवाज चिडलेला होता आणि डोळे त्याच्या थरथरत्या बोटांवर होते. "काल इचारे, मी पळालो तं नव्हतो ना? म्हटलं, पळाले असते तं बरं झालं असतं."

त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला इंजिन आपोआप बंद पडलं. चिंधू रॉकेलचा डबा घेऊन दगडी पायऱ्यांवरून खाली उतरला. तो वर येईना. हाक मारली तर ओ देईना. वाकून पाहिलं तर इंजिनामागून त्याचा एक पाय दिसत होता. काका म्हणाले, ऊन लागलं असेल. विहिरीत सावली होती, तरी कोणी हरकत घेतली नाही. मग काकूंनी, माझ्या मंगला काकूंनी, विहिरीत वायू भरतो असं म्हटलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणाचा आनंद मला अजून आठवतो. तो अजिबात लपवण्यासारखा नव्हता, शुद्ध होता. मी कंदील मागवला, पेटवला, दोराला बांधला, आणि टप्प्यापर्यंत सोडून घड्याळ धरून उभा राहिलो. दोन मिनिटं. वात मोठी नाही, लहान नाही. विहिरीत कुजकी हवा असेल, ऑक्सिजन कमी असेल, तर कंदील विझतो. हे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना माहीत आहे आणि ते बरोबरही आहे. "हवा चांगली आहे," मी म्हणालो. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडताच काका उतरले. टप्प्यावर पोचले, चिंधूवर वाकले, त्याचा दंड धरला, आणि मग दमलेला माणूस पारावर टेकतो तसे हळूच खाली बसले. भिंतीला पाठ लावली. मान एका बाजूला झाली. त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर माझा कंदील लख्ख जळत होता.

बस मोहगावच्या फाट्यावर थांबली तेव्हा संत्र्यांची टोपली घसरून कंडक्टरच्या पायावर गेली. "अवो बाई, टोपली तुमची हाये का रस्त्याची? तिले टिकीट फाडू काय?" जयवंता म्हणाली, "फाडा. मंग तिले सीटबी द्या." लोक हसले. कंडक्टरही हसला आणि टोपली बांधायला सुतळीचा एक जाड तुकडा फेकून गेला. श्रावण उठला, टोपली उचलून दांड्याशी ठेवली आणि बांधायला बसला. मी बाहेर बघत होतो.

त्या दिवशी श्रावण शेजारच्या वाटेवरून धावत आला होता. बहिणीच्या लग्नासाठी रजेवर आलेला, रजेचे आठ दिवस उरलेले. आमच्या बगीच्यात तो पूर्वी कधी आला नसावा. त्याच्या वस्तीतल्या बायांना याच विहिरीवर माझ्या लहानपणापर्यंत दुरून, वरून पाणी वाढत असत. मी ते पाहिलेलं आहे आणि पाण्याची धार किती उंचीवरून पडते, तरी सांडत कशी नाही, याचंच मला तेव्हा नवल वाटे. तो आला, वाकून पाहिलं, कोणाला काही विचारलं नाही. पंचा बुडवून तोंडाला गुंडाळला, दोराचं एक टोक हातात धरलं आणि पायऱ्या उतरला. चिंधूला बांधलं, आम्ही ओढलं. तो स्वतः पायऱ्यांनीच वर आला, काठावर ओकला, कपाळ दोन्ही हातांनी दाबून बसला. चिंधूच्या छातीवरची गाठ मी सोडली. एका ओढीत सुटली. कोणीतरी म्हणालं, "काही नाही झालं त्याले, चेहरा पाहा कसा गुलाबी दिसून राह्यला." मी चिंधूचा हात उचलला. नखं गुलाबी होती. ओठ गुलाबी होते. शेतात राबणाऱ्या माणसाची नखं मी याआधी कधी पाहिली नव्हती, पण ती अशी नसतात हे मला कळलं, आणि त्याच क्षणी ते दीड पान पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत डोळ्यांसमोर आलं. त्यात एक ओळ होती. या वायूत ज्योत विझत नाही. खाली काका होते. मी मान वर केली तर श्रावण दोर अंगाला बांधत माझ्याकडेच बघत होता.

इथं मी थांबतो. आठ महिने रोज इथंच थांबतो. कारण यानंतर मला एक वाक्य ऐकू येतं. श्रावण माझ्या अगदी जवळ येऊन, ओठ न हलवता म्हणतो, "बोलू नका मास्तर. हे लोक मले उतरू देनार नाई." हे वाक्य खरं असेल तर सातव्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे: त्याला माहीत होतं. आणि हे वाक्य खरं असेल तर मी गप्प राहिलो ते त्यानं सांगितलं म्हणून. एकाच वाक्यानं दोघंही सुटतो. म्हणूनच मला त्याचा भरवसा नाही. प्रयोगात हवं तेच उत्तर पहिल्या झटक्यात आलं, तर उपकरण तपासावं. मी तपासत बसतो. पहिल्या महिन्यात हे वाक्य मला आठवत होतं का? कामठीच्या दवाखान्यात मी त्याला बघायला गेलो, तो मला ओळखत नव्हता, तेव्हा आठवत होतं का? की त्यानं ओळखलं नाही, हे पाहिल्यावर आठवायला लागलं? शाळेत फळ्यावर लिहिताना, न्हाव्याकडे मान वाकवून बसलेला असताना, मी ते वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहतो. त्याचा आवाज नीट जमतो. जमतोच, तो मला कुठं माहीत होता? पहिल्यांदाच तर भेटलो होतो. तो मला "मास्तर" तरी कशावरून म्हणाला असेल? पण तिथं कोणीतरी मला तशी हाक मारलीच असेल. असेल का?

जामसावळीच्या फाट्याशी बस आली आणि सगळ्यांनी मारुतीच्या दिशेनं हात जोडले. पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळून श्रावणला म्हणाली, "हात जोड बापा, गुन येईन." जयवंता म्हणाली, "त्यायले गोळ्यायनं गुन येऊन राह्यला, मावशी." "गोळ्या घे आन् हातबी जोड. त्यात काय जाते?" यावर जयवंताला हसू आलं. श्रावण हात जोडूच शकत नव्हता. त्याच्या हातात सुतळी होती. तेव्हा मी प्रथम खाली पाहिलं. त्याची बोटं थरथरत नव्हती. सुतळी टोपलीभोवती फिरली, टोक एका वेढ्यातून खालून वर आलं, मूळ दोराच्या मागून वळून पुन्हा त्याच वेढ्यात खाली गेलं. त्यानं ताणून पाहिलं. ही गाठ मी पाहिली होती. चिंधूच्या छातीवर. काकांच्या छातीवर. मी त्या सोडल्या होत्या.

"ही कसली गाठ आहे?" मी विचारलं. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण जयवंतानं वळून पाहिलं. "ही?" श्रावण हातांकडे असा बघू लागला, जणू ते कोणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिलेत. "ही बेहोश मानसाची गाठ हाये. बर्फात मानूस दबला, खड्ड्यात पडला, त्याले वढाची. साधी गाठ छातीले आवळते, दम कोंडते. ही आवळत नाई. कितीबी वजन येऊ द्या." "आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला?" "त्याले गाठ कायले पायजे? थो दोर हातानं धरते ना." तो हसला. साध्या गोष्टी विचारणाऱ्या शहरी माणसाला हसतात तसं. मी पुढचा प्रश्न मनात दोनदा जुळवला, कारण तो उत्तर सुचवणारा नको होता. "ही गाठ कोणी स्वतःला बांधतं का कधी?" त्यानं विचार केला. "सोताले कायले बांधन कोनी?" तो म्हणाला. "आपन बेहोश होनार हाओ, हे मालूम असन तवाच."

पहिल्या खेपेला त्यानं दोर हातात धरला होता. दुसऱ्या खेपेला, खाली सोडलेला दुसरा दोर काकांसाठी होता आणि हा त्याच्या स्वतःच्या काखेतून छातीभोवती होता. त्याची गाठही मीच सोडली होती. एका ओढीत सुटली होती. मला हे आठ महिने माहीत होतं आणि मी एका वाक्यामागं लागलो होतो. छाती हलकी व्हायला हवी होती, झाली नाही. कारण गाठीचं सांगायचं तर ती मी कधी सोडली तेही सांगावं लागणार होतं. त्यानं काकांना बांधलं, बाकीच्या तिघांनी ओढलं, काका काठावर आले, काकू किंचाळल्या, आणि आम्ही चौघंही काकांकडे धावलो. श्रावणचा दोर माझ्या हातात होता. मी तो झाडाच्या बुंध्याला एक वेढा देऊन सोडला. काकांची गाठ सोडली, तोंडावर पाणी मारलं, छाती दाबली, काकांनी डोळे उघडले, सगळे रडले, मीही रडलो. मग शुद्धीवर येत असलेल्या चिंधूजवळून त्याची बायको म्हणाली, "अन् थो?" मी घड्याळ पाहिलं, ही माझी सवय. चार मिनिटं झाली होती. ओढला तेव्हा तो पाळण्यातल्या मुलासारखा, मान वर, कुठंही न आपटता वर आला. त्याचं जे काही गेलं ते त्या चार मिनिटांत गेलं, आणि त्याला पहिल्या मिनिटाला ओढलं असतं की तिसऱ्या, यानं किती फरक पडला असता, हे काढायला माझ्याकडे आकडे नाहीत.

तहसीलच्या आवारात काका उभे होते. धोतर स्वच्छ, टोपी नवी. श्रावणला पाहून त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, "मले जीव देल्ला गा यानं," असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, आणि मग मला बाजूला नेलं. "श्रीकांता, इंजिन खाली होतं हे बोलू नको. उगाच कागद वाढतेत. थो आला, उतरला, काढलं. एवढंच. अन् कंदिलाचं सांगजो बरं, सोडून पाह्यला म्हना. आपुन काही अडाणी नाई." काकांची नखं आता पिवळसर होती, तंबाखूची. माझी नजर तिथं जाते.

मेजरसाहेब माझ्या अपेक्षेपेक्षा तरुण होते आणि त्यांना सर्दी झाली होती. बाजूला तहसीलचा बाबू टाइपरायटरवर. पहिले सहा प्रश्न दहा मिनिटांत संपले. इंजिन कुठं होतं ते मी सहाव्यात सांगितलं. सातव्याला मी गाठीचं सांगितलं. मेजर ताठ बसले. त्यांनी खिशातून बुटाच्या नाडीएवढी दोरी काढली, मला बांधून दाखवायला सांगितलं. मला बांधता आली नाही. मी म्हणालो, बाहेर टोपलीला आहे. ते स्वतः व्हरांड्यात गेले, वाकून पाहिलं, श्रावणशी दोन शब्द बोलले, आणि परत येऊन बाबूला म्हणाले, "लिखो, था." टाइपरायटरचे दोन ठोके पडले. माझं काम इथं संपलं होतं. त्यांनी नाक पुसलं आणि पुढच्या कागदाकडे हात नेला. मग काहीतरी मनात येऊन विचारलं, "और आपको? आप तो विज्ञान के हैं."

"मुझे भी पता था," मी म्हणालो. "पहले आदमी के नाखून देखकर."

"मतलब, उसके दूसरी बार उतरने से पहले?"

"जी."

"फिर रोका क्यों नहीं?"

ते वाक्य तोंडात तयार होतं. बोलू नका मास्तर. संपूर्ण, त्याच्या आवाजासकट. ऐकणारा दुसरा कोणी नाही, बोलणाऱ्याला आठवत नाही, आणि ज्याला त्याची गरज आहे असा माणूस सगळ्या जगात मी एकटा. बाबूची बोटं अक्षरांवर थांबली होती. बाहेर काका खोकले.

"नीचे काका थे," मी म्हणालो. मग कंदिलाचं सांगितलं, कंदिलानं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही ते. मग चार मिनिटांचं. बाबू टाइप करत होता. 'मिनट' लिहिताना तो चुकला, खोडरबरानं घासून त्यानं ते पुन्हा लिहिलं. सही करताना मी कागद वाचला. सगळं बरोबर होतं. वाक्य त्यात नव्हतं.

व्हरांड्यात उन्हाची पट्टी आली होती. काका निघून गेले होते. साक्ष झाली त्या खोलीची खिडकी उघडी होती. श्रावण बाकावर बसला होता. मी जवळ गेलो तसं त्यानं वर पाहिलं. "तुमी कोन जी?"

"मी श्रीकांत," मी म्हणालो. "विहिरीत कंदील मी सोडला होता. तुमचा दोर माझ्या हातात होता. तो मी सोडून दिला." त्यानं वही काढली आणि पेन्सिलीसकट माझ्याकडे दिली. "लिवून द्या. मी भुलतो." मी पान उलटलं. जयवंताच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: श्रीकांत मास्तर. चांगला मानूस. दोर धरला होता.

मी त्याच्याखाली लिहिलं. पाच ओळी झाल्या. जयवंतानं माझ्या खांद्यावरून वाचल्या, एकदा, मग बोट ठेवून पुन्हा. "हे आत सांगतलं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. वरची ओळ खोडायला मी पेन्सिल टेकवली तर ती म्हणाली, "राहू द्या. दोन्ही राहू द्या." आणि माझ्या पायाशी असलेली टोपली ओढून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, तोंड रस्त्याकडे करून.

श्रावण माझ्या ओळी वाचत होता. ओठ हलत होते. त्याचा हात पुन्हा थरथरायला लागला होता आणि त्यानं तो दाबून धरला नाही. वाचून झाल्यावर त्यानं मला जे विचारलं ते हळू आवाजात, बायकोला ऐकू जाणार नाही असं विचारलं.

"मले मालूम होतं, मंग... मी भ्यालो होतो का जी?"

तो बांधत असताना मी त्याच्या चेहऱ्याकडे किती वेळ पाहिलं होतं, हे मला सांगता येत नाही. हात मात्र मी पाहिले होते.

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "गाठ पहिल्याच वेळी नीट बसली होती."